उभं राहायची नोकरी

आखातात, सलव्यातल्या आमच्या मॉलच्या दारात तो वॉचमन रोज दिसायचा. उंच, काळा, दाट कुरळ्या केसांचा. उभा असला तरी त्याचा एक पाय कायम पुढे आणि सगळा भार चवड्यावर असायचा. मी त्याला सुदानचा समजून नुसती मान हलवायचो, तोही हलवायचा. उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून आमची मुलं मॉलमध्येच खेळतात. त्यांना पळू न देणं हे त्याचं काम.

एकदा माझी मुलगी धावत सुटली, तेव्हा त्यानं हात आडवा धरला. "हळू गो बाय, पडशील."

मी चकित होऊन गाव विचारलं. तो हल्याळकडचा सिद्दी निघाला. पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आणलेले.

"शाळेत शंभर मीटर धावायचो," तो म्हणाला. "राज्यात पहिला आलो. शाळेच्या भिंतीवर नाव आहे माझं. आणखी दोघांची आहेत, आमच्याच वाडीतली. एक दुबईत उभा आहे, एक दोह्यात. तिघंही वॉचमन."

मी म्हटलं, "आता गावातली पोरं तुमचे विक्रम मोडत असतील."

"पोरं धावतच नाहीत, साहेब. मास्तर त्या भिंतीकडं बोट दाखवतात, तर पोरं विचारतात, एवढं धावून हे पोचले कुठं?"

तेवढ्यात सुपरवायझर येताना दिसला. वॉचमननं पुढचा पाय मागे घेतला आणि टाचा जुळवून सरळ उभा राहिला.