पिवळा की काळा

संकेश्वरजवळ हायवेला लागून आमचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. गाडी आणायची, मोबाईलवर पैसे भरायचे, जोराच्या पाण्याची गन हातात घ्यायची आणि आपली गाडी आपणच धुवायची. कल्पना माझ्या नवऱ्याची. आमच्याकडची माणसं गाडीतच बसून हॉर्न वाजवतात आणि कोण धुवायला येतंय ते बघतात, तो भाग वेगळा.

हे साखर कारखान्यात मेंटेनन्सला होते. पाईप, व्हॉल्व्ह, नट यांत जन्म गेला, म्हणून निवृत्तीनंतर हा उद्योग. शेड उभी राहिली, पंप आला, आणि पाईप घ्यायच्या आधीच ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. जिभेवर एकच शब्द उरला, "व्हय." जेवणार का? व्हय. पोट भरलं का? व्हय. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, फक्त हवा तो शब्द तोंडात येत नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला भीतीच वाटली.

पाईप घ्यायला मी ह्यांना निपाणीला शेतीच्या अवजारांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं दोन पाईप समोर टाकले, एक पिवळा, एक काळा.

"आक्का, पिवळा न्या. तंबाखूवर औषध मारायला सगळी ह्योच नेत्यात. लई दणकट हाय."

मी तंबाखूच्याच घरातली. असला पिवळा पाईप आमच्या अंगणात कायम पडलेला असायचा. औषधाचा फवारा सोसतो, त्याला साध्या पाण्याचं काय? तरी विचारलं, "अहो, पिवळा?"

"व्हय."

"का काळा?"

"व्हय!" डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली. चेहरा लालबुंद.

"दोन्हीला व्हय म्हंत्यात की," दुकानदार हसला.

माझं डोकं फिरलं. "एकदा नीट सांगा की काय ते," मी भर दुकानात ओरडले. बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मुकाट्यानं पिवळा घेतला, टोकांना आवळायच्या क्लिपा घेतल्या आणि घरी आलो.

शेतात बसवतात तसाच पाईप गनवर चढवला, क्लिप आवळली. पंप सुरू केला तर क्लिपेपाशी बारीक फवारा उडू लागला. त्यात काय, म्हटलं. आमच्याकडं पाईप गळला की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापतात आणि ताणून गुंडाळतात. तेही पाणी चालू असतानाच, म्हणजे गळतंय कुठं ते दिसतं. मी पट्टी घेऊन वाकले.

"व्हय! व्हय! व्हय!" शेडच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेले हे ओरडायला लागले.

"व्हय, बांधते की," मी म्हटलं. मला वाटलं, शाबासकी देतायत. हात फवाऱ्याजवळ नेला, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. ह्यांनी खुर्चीतून स्वतःला खाली टाकून दिलं होतं. मी गन फेकून धावले. पाठीमागं क्लिप निसटली आणि मोकळा पाईप सापासारखा उसळून पत्र्यावर आपटला. मी वाकले होते तिथल्या पत्र्याला पोचा पडला.

पंप बंद केला आणि ह्यांच्याजवळ ओल्या फरशीवरच बसले. हे "व्हय, व्हय" करत रडत होते. नको म्हणत होते हो ते. इतका वेळ जीव तोडून नकोच म्हणत होते, आणि मी त्यांना उलट उत्तर देत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात गेलो. आता मी काही विचारलं नाही. दोन्ही पाईप त्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "नको तो खाली टाका."

डाव्या हातानं त्यांनी पिवळा ढकलला. मग काळाही ढकलला.

पिवळा की काळा, एवढंच मी विचारत होते. दोन्ही नको असतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

दुकानदार आत गेला आणि धूळ झटकत तिसरा पाईप घेऊन आला. रबरी, आत तारांची जाळी, टोकं मशीनवर दाबून बसवलेली. फवारणीच्या कितीतरी पट जोर सोसणारा, क्लिपेचं कामच नाही. ह्यांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला, नटाचे आटे नखानं तपासले, आणि पाईप मांडीवरच ठेवला. घरी येईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, सापडला मार्ग.

संध्याकाळी ताटात भाकरी वाढली, भातही वाढला. म्हटलं, "नको ते सरकवा."

त्यांनी भाकरी सरकवली. मग भातही सरकवला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी स्वयंपाकघरात गेले. दूध घेऊन आले, ते सरकवलं. केळं सोलून दिलं, तेही सरकवलं. पुन्हा आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. आता काय न्यायचं ते मला कळेना, आणि बाहेर ते माझी वाट बघत होते.