हॉर्नसकट घेतलेली जीप

भूतखेत, बाहेरचं वगैरे मी कधी मानलं नाही. सायकलवर कटलरी विकून वर आलेला माणूस आहे मी. मला फसवलं ते जिवंत माणसांनीच… त्यामुळे सुरुवातीला मी संशयही माणसावरच घेतला.

नेरजवळच्या तांड्यावरच्या हिरामण राठोड या म्हाताऱ्याकडून मी जुनी जीप घेतली. भरपूर घासाघीस करून. चावी देताना तो म्हणाला, "शेटजी, हॉर्न तेवढा ठेवू द्या मले. बैल इकला तरी त्याचं दावं देत नाई आमी."

"दोर बैलाले असते, बाबा, जीपले नाई! सौदा हॉर्नसकट झाला."

त्याने चावी माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बॅटरी उतरलेली! नवी टाकली, तीही उतरली. घरी मुलगी सोनल, नववा महिना लागलेला. गाव कळंबपासून आत, जीप घेतलीच तिच्यासाठी. बायको सारखी विचारायची, "अन् वेळेवर चालू नाई झाली तं?"

कळंबहून इलेक्ट्रिशियन सलीमभाई आला. बॅटरीची एक वायर सोडून त्याने मध्ये टेस्ट लॅम्प जोडला. जीप बंद, चावी माझ्या खिशात — तरी लॅम्प पेटला. म्हणजे करंट कुठेतरी चाललाय. त्याने एकेक करून सगळे फ्यूज उपसले. लॅम्प तसाच! शेवटी हॉर्न सोडला… विझला.

"हॉर्नचा फ्यूज तं माह्या हातात हाय," तो म्हणाला. "मंग याले करंट भेटून राह्यला कुठून?"

माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्यानेच काहीतरी करून ठेवलं! हॉर्न फडक्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर टाकला आणि जाब विचारायला निघालो. भर दुपारी तांड्याच्या पहिल्या घराशी पोचलो, आणि — सीटवरचा हॉर्न वाजला. एकदाच, लांब. त्याला एकही वायर नव्हती.

हिरामणबाबा बाहेर आला. हॉर्न उचलून धोतराने पुसत म्हणाला, "आला का?" मला नाही. हॉर्नला.

मी भांडायला गेलो होतो… हॉर्न त्याच्याकडेच ठेवून परतलो.

त्यानंतर बॅटरी उतरली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सोनलला कळा सुरू झाल्या, जीप एका सेल्फमध्ये चालू झाली. समोरच्या आरशात मागच्या सीटवरच्या सोनलकडे बघत बघत यवतमाळला वेळेत पोचलो. नात झाली.

सलीमभाई म्हणतो, अर्थिंगचा घोळ असेल. असेल! सौद्यातला हॉर्न गेला, याचा राग मला अजून आहे.

परवा एकजण जीप बघायला आला. मी आधीच सांगितलं, "भावाचं पाहू, पण आरसा मी काढून ठेवीन."

"काहून?" त्याने विचारलं.

मी सदऱ्याच्या टोकाने आरसा पुसत राहिलो.