रिकामा रकाना आणि आमचे आतोबा

रिकाम्या जागेसाठी अख्खी दिल्ली एकमेकांच्या उरावर बसते. त्याच दिल्लीत रिकामी जागा दिसली की घाम फुटणारा एकच माणूस आहे आणि तो मयूर विहारला आमच्याच सोसायटीत, आमच्या दोन मजले खाली राहतो. ते माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. मराठी नात्याचा हा शब्द इथे कुणाला ठाऊक नसल्यामुळे गेटवरचा गार्ड ते त्यांचं आडनाव समजतो आणि 'आतोबा साहब का पार्सल' म्हणून वर फोन करतो. आतोबांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करत बसायला त्यांच्याकडे त्याहून महत्त्वाच्या पुष्कळ गोष्टी असतात.

त्यांची सगळी नोकरी कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्य सरकारच्या एका कचेरीत गेली. दर महिन्याला मुंबईला तक्ते पाठवायचे. ज्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं, म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. हा एक शब्द त्यांनी निवृत्त होताना घरी आणला. गेटवरच्या वहीत 'वाहन क्रमांक' या रकान्यात ते 'निरंक' लिहितात, आणि गार्ड त्या नंबरची गाडी पार्किंगमध्ये शोधून येतो. आत्यानं सामानाची यादी दिली की ती परत येताना शेऱ्यांसकट यायची: 'आले: उपलब्ध नाही. त्याऐवजी पुदिना आणला आहे, अवलोकनार्थ.' त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात 'दूध आले. विशेष: निरंक' असं लिहिलेलं असतं. कोऱ्या चौकोनाकडे त्यांना बघवत नाही. "कोरं सोडणं म्हणजे लपवणं," ते म्हणतात. "निरंक लिहिलं की माणूस मोकळा."

माझी मुलगी ईरा तिसरीत असताना या शब्दानं शाळेतही घोटाळा केला. मी ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला होते आणि डायरीवर सही करायचं काम आतोबांकडे होतं. 'अभिभावक की टिप्पणी' या जागेत त्यांनी वळणदार अक्षरात 'निरंक' लिहून खाली तारखेसह सही ठोकली. दुसऱ्या दिवशी हिंदीच्या बाईंचा मला फोन. त्यांच्या हिंदीत अंक म्हणजे मार्क. बच्ची के अंक इतने अच्छे हैं, मग तुम्ही तिला 'निरंक' का म्हणता, घरात तिच्यावर फार प्रेशर आहे का, अशी त्यांनी अत्यंत काळजीनं चौकशी केली. परत आल्यावर मी आतोबांना झापलं. ते चहा पीत शांतपणे म्हणाले, बाईंचं शासकीय मराठी कच्चं आहे. तेव्हापासून ईरा आळसात लोळत असली की सांगायची, "मी आज निरंक आहे."

आत्या चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आतोबा रोज सव्वापाचला आमच्याकडे चहाला येतात. सव्वापाच म्हणजे सव्वापाच. मी घरून काम करत असले तर मीटिंगमध्ये आवाज बंद करून आधण ठेवते.

गेल्याच्या गेल्या वर्षी मात्र हा चहा आम्हाला कडू झाला. ईराला अमेरिकेत इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिथल्या कॉलेजांवर छाप पडावी म्हणून इथली मुलं शाळेच्या परीक्षेखेरीज आणखी काही ॲडव्हान्स्ड पेपर देतात. प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात, पाच म्हणजे उत्तम. ईरानं तीन पेपर दिले. जुलैत निकाल लागला. गणित पाच, कॉम्प्युटर पाच, फिजिक्स दोन.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'दोन' हा आकडा उच्चारायची सोय राहिली नाही. मी एकदा जेवताना "दोन पोळ्या वाढू का" असं विचारलं आणि ईरा ताटावरून उठून गेली. आमचे हे अशा वेळी पेपर वाचतात. अर्जात हे गुण कळवणं ऐच्छिक होतं. म्हणजे पाच-पाच दाखवावेत आणि फिजिक्सबद्दल गप्प बसावं, अशी मुभा होती. गुडगावच्या कौन्सेलर मॅडम व्हिडिओवर ठासून सांगत होत्या, "ऑप्शनल मतलब ऑप्शनल. मत दिखाओ, बस." पण इंजिनिअरिंग मागणाऱ्या मुलीनं फिजिक्स का दाखवलं नाही, असं तिकडे कुणाच्या मनात येणार नाही का? ईरा दिवसभर फोनवर हेच वाचत बसायची. एक जण लिहायचा, काही फरक पडत नाही. दुसरा लिहायचा, रिकाम्या जागेवरूनच त्यांना सगळं कळतं. ती जेवेनाशी झाली, नखं कुरतडायला लागली. मी माझ्या मनाशी केव्हाच ठरवलं होतं: लपवायचं.

आणि आतोबांनी फाइल उघडली. खरोखरीची, नाडीवाली. वर 'विषय: कु. ईरा हिचे भौतिकशास्त्राचे गुण कळविणेबाबत'. आत माझ्यासाठी टिप्पणी होती, तीन पर्यायांसह, आणि शेवटी 'पर्याय तीन, म्हणजे गुण कारणासह कळविणे, मान्यतेस्तव सादर'. मी ती फ्रीजवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र आलं. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी ईरालाच विचारलं, पेपर कशामुळे अवघड गेला, कारणाच्या रकान्यात काय लिहायचं. ईरानं खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

अर्जाला आठवडा राहिला होता. रविवार होता. आतोबा फाइल घेऊनच आले आणि बसायच्या आत म्हणाले, रकाना कोरा जाता कामा नये. माझा तोल गेला.

"आतोबा, हा तुमचा मासिक तक्ता नाही, माझ्या मुलीचं आयुष्य आहे. तुमच्या निरंकपायी तिचं शाळेत एकदा हसं झालं, तेवढं पुरे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, अर्धा प्यालेला कप स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवला आणि गेले. आतोबांना कप उचलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ईरा खोलीतून म्हणाली, "आई, यार, किती रूड." मी तिच्यावरही ओरडले. खरं सांगायचं तर मला घाबरायला झालं होतं. मुलगी कुठे तरी निसटत चालली आहे, असं काही तरी वाटत होतं आणि जो समोर येईल त्याच्यावर मी ते काढत होते.

सोमवारी सव्वापाचला बेल वाजली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मी तिन्ही दिवस त्यांच्या वाटचं आधण ठेवलं आणि ओतून दिलं. अर्ज तयार होता, फक्त बटण दाबायचं बाकी होतं, फिजिक्सची जागा सोडून. गुरुवारी ईरानं लॅपटॉप काखेत मारला आणि म्हणाली, "आतोबांना सांगितल्याशिवाय मी सबमिट करणार नाही. तू येतेस का?" माफी मागायचीच होती. थर्मासमध्ये चहा भरून मी तिच्या मागे निघाले.

आतोबांचं दार उघडंच होतं. टेबलावर त्यांच्या सेवापुस्तकाची फोटोकॉपी पसरलेली होती. सरकारी माणसाची सगळी नोकरी ज्या पुस्तकात नोंदलेली असते, ते. मी माफीचं वाक्य सुरू केलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक'. पुढचा रकाना कोरा होता. निरंकसुद्धा नव्हतं.

बढतीसाठी ही परीक्षा द्यावी लागायची. पहिल्यांदा ते नापास झाले. दुसऱ्या वर्षी केंद्र रिजच्या टेकडीपलीकडच्या एका शाळेत होतं. आत्यानं दही हातावर घातलं, डबा दिला. आतोबा शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि तसेच पुढे चालत हिंदूराव हॉस्पिटलला पोहोचले. बाहेर पेशंटचे नातेवाईक बसतात तिथे दिवसभर बसले. तिथे बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, का बसलात म्हणून. डबाही तिथेच खाल्ला. पेपर सुटायच्या हिशेबानं उठून सव्वापाचला घरी आले.

"तिनं चहा टाकला होता," आतोबा म्हणाले. "विचारलं, कसा गेला. मी म्हटलं, बरा गेला."

पुढे पंचेचाळिशीनंतर वयामुळे परीक्षेतून सूट मिळते, तशी त्यांनाही मिळाली. बढती झाली, नोकरी नीट पार पडली. तो कोरा रकाना कुणाच्या ध्यानातही आला नाही. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, मग काय झालं त्यात. ते माझ्याकडे न बघता ईराशी बोलायला लागले.

"तुझ्या अर्जाचं काही बिघडणार नाही गं. माझंही काही बिघडलं नाही. कॉलेजला नको सांगूस. आई म्हणते ते बरोबर आहे. पण तुमच्या आत्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, ते चुकलं. घरात कुणाला तरी सांगून टाक."

ईरानं लॅपटॉप बाजूला ठेवला. मग तिनं सांगितलं. फिजिक्सचा दुसरा भाग तिनं सोडवलाच नव्हता. पहिल्या प्रश्नाला अडली आणि उरलेला सगळा वेळ ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. पानं कोरी दिली. ती बाहेर आली तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. मी विचारलं होतं, "छान गेला ना?" आणि ती म्हणाली होती, "हां, ठीक गेला."

हे सगळं ती आतोबांकडे बघून सांगत होती. मी शेजारीच बसले होते, हातात थर्मास धरून. मला ते दिवस आठवत होते, निकालानंतरचे, आणि मी एकदाही 'काय झालं गं' असं विचारलं नव्हतं, हेही आठवत होतं. मी फक्त दाखवायचं की नाही, एवढंच विचारत होते.

आतोबांनी काही समजूत वगैरे घातली नाही. "किती वेळ बसलीस?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, पाऊण तास. ते म्हणाले, "मी सहा तास." ईरा खुदकन हसली आणि मग एकदम रडायला लागली, निकाल लागल्यापासून पहिल्यांदा.

डोळे पुसून तिनं टेबलावरची पेन्सिल घेतली, सेवापुस्तकाची ती फोटोकॉपी पुढे ओढली आणि आतोबांच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'निरन्क'. दिल्लीत वाढलेल्या पोरीचं मराठी. वर्तमानपत्रातल्या चुकीच्या अनुस्वारावर संपादकांना पत्र लिहिणारे आतोबा ते अक्षर बघत राहिले. दुरुस्त केलं नाही. खिशातून पेन काढून शेजारी बारीक सही केली आणि खाली तारीख घातली. अर्ज तिनं तिथेच बसून पाठवला, फिजिक्स वगळून.

सगळ्यात वरच्या कॉलेजनं नाही म्हटलं, तिसऱ्यानं घेतलं. ते त्या रिकाम्या जागेमुळे झालं की कशामुळे, हे कुणी कळवत नाही. ईरा तिकडे गेली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. आतोबा आता हळू चालतात, पण सव्वापाचला येतात. तेव्हा तिकडे सकाळ असते. त्यांचा चहा अर्धा होतो न होतो तोच फोन वाजतो आणि एका शब्दाचा मेसेज येतो: 'निरन्क'. म्हणजे जेवली, झोपली, ठीक आहे, काळजीचं काही नाही. ते फोन माझ्यापुढे धरतात, मी वाचते, मग ते उरलेला चहा पितात. आमच्या कॅलेंडरातही त्यांनी चौकोन भरायला घेतले आहेत, मी काही म्हणत नाही.

कधी कधी तो शब्द येत नाही. त्याऐवजी रिंग वाजते आणि फोनवर ती स्वतः असते. पेपर वाईट गेलेला असतो, नाही तर कुणी काही बोललेलं असतं. आतोबा फोन कानाला लावून बाल्कनीत जातात आणि दार लोटून घेतात. मला ती रोज रात्री मेसेज पाठवते. मला येणाऱ्या मेसेजात सगळं नेहमी छान असतं. मी त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवते, गॅस बारीक करते, आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत स्वयंपाकघरातच थांबते.