लाइन सोडून गेलेली गाडी

आमच्या घरात प्रवासाआधी टोलचा हिशेब मांडणारा मी एकटाच, आणि तो हिशेब आजवर एकदाही जुळलेला नाही.

खरं तर हा माझा पोटापाण्याचा धंदा! पूर्णा गावातल्या एका गोदामातून मी ट्रक रवाना करतो. कुठल्या लाइनला, म्हणजे मार्गाला, किती नाके, कुठे किती कापले जाणार, सगळं तोंडपाठ. ट्रकच्या काचेवरच्या फास्टॅगमधून पैसे कापले गेले की माझ्या फोनवर मेसेज वाजतो. वाजला, म्हणजे गाडी रस्त्यावर आहे. नाही वाजला, म्हणजे गाडी लाइन सोडून गेली. एखाद्या ढाब्यामागे, नाहीतर सरळ ड्रायव्हरच्या सासुरवाडीला! मग ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मी त्याची अशी पूजा बांधतो, की बाकीचे महिनाभर सरळ चालतात.

आमची स्वतःची गाडी मात्र बाबांच्या नावावर आहे. शेतात गोदाम उभं राहिलं, त्याच्या भाड्यातून ती घेतली, आणि ‘पहिली गाडी बापाच्या नावावर’ हा बाबांचाच कायदा. त्यामुळे टॅग त्यांच्या नंबरवर आणि टोलचे मेसेजही त्यांनाच. ते येतात इंग्रजीत. म्हणून आम्ही लांब निघालो की बाबा फोन घेऊन आमच्या खारबाव स्टेशनाजवळच्या सलीमभाईच्या रिचार्जच्या दुकानात जाऊन बसतात, आणि सलीमभाई वाचून दाखवतो.

यावर हसू येतं, पण मी हसत नाही. बाबांचा धाकटा भाऊ ट्रकवर होता. एकदा माल घेऊन गेला, आणि अपघातात गेल्याची बातमी कितीतरी दिवसांनी एका परक्या ड्रायव्हरच्या तोंडून आली. तोवर घरात सगळे दोन्ही वेळ जेवत होते, बाबासुद्धा. ते त्यांना अजून पचलेलं नाही. तेव्हापासून घरातलं माणूस लांबच्या रस्त्यावर असलं, की ते पोचल्याशिवाय बाबा ताटावर बसत नाहीत.

तर गेल्या थंडीत माझ्या मेव्हणीच्या बाळाचं बारसं निघालं, तेही कोल्हापूरला. मी जाता-येताचा टोल मांडून बायकोला, म्हणजे वैशालीला, दाखवला.

“यात पेट्रोल धरलंय?”

“ते वेगळं.”

“आणि खाणं?”

“ते टोलमधूनच निघेल!”

मग मी गुपित सांगितलं. साताऱ्याच्या पुढे एका नाक्याच्या अलीकडे ढाबा आहे. त्याच्या बाजूने आत वळायचं, उसातून जायचं, की थेट नाक्याच्या पलीकडे! आमच्याच एका ड्रायव्हरने ते कबूल केलं होतं. (मी त्याला दंड केला होता. रस्ता मात्र लक्षात ठेवला.) जाताना एक नाका, येताना एक नाका, म्हणजे दोघांची मिसळ फुकट!

निघताना बाबा म्हणाले, “फोन बंद ठेव. गाडी चालवताना फोन घ्यायचा न्हाय. मेसेज येतो ना, मला कळतं.”

पुढे खारबावात काय झालं ते मला नंतर सलीमभाईने सांगितलं. आधी सगळं छान चाललं होतं.

“बाबा, खालापूर कटा. अभी घाटाला लागले.”

बाबांनी मान हलवली.

“पुणा पार हो गया.”

पुन्हा मान. सातारा आला, तेव्हा तर बाबांनी दोन चहा सांगितले.

त्यानंतर काहीच आलं नाही! कारण ढाब्यावरच्या लंगड्या कुत्र्याला चुकवून आम्ही उसात शिरलो होतो. रस्ता आधी डांबरी होता, मग खडीचा, मग नुसताच मातीचा. वैशालीच्या फोनने “डावीकडे वळा” म्हणत म्हणत प्राण सोडला. आणि वळणावर बघतो तर उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी! मागे जावं, तर मागे दुसरी उसाची ट्रॉली. बाजूने काढावी म्हणून मी गाडी खाली घेतली, ती पाटाच्या चिखलात बसली.

“मिसळ इथंच खायची काय?” वैशाली म्हणाली.

ट्रॅक्टरवाला उतरला. “काय पाव्हणं, टोल चुकवाय आलासा व्हय? रोज एकतरी येतोय.”

त्याने गाडी ओढून काढली. त्याचे पैसे दिले आणि मिसळ तिथेच संपली.

तिकडे बाबा दुकानात उभे राहिले होते. “सलीम, मेसेज न्हाय आला.”

“आयेगा बाबा, नेटवर्कचा लोचा असेल.”

“न्हाय. माझा पोरगाच सांगतो, मेसेज न्हाय आला तर गाडी लाइनीवर न्हाय.”

माझा फोन बंद, वैशालीचा बंद. बाबांनी गोदामात फोन लावला. माझ्या जागी बसलेला मदतनीस मोठा आज्ञाधारक. मी शिकवलेला मजकूर त्याने जसाच्या तसा ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला: “गाडी लाइन सोडून गेली आहे. दिसताच कळवा.” खाली आमच्या गाडीचा नंबर आणि माझं नाव! कोल्हापूर लाइनला जेवढे ट्रक होते, तेवढे मला शोधायला लागले.

आम्ही मात्र ट्रॅक्टरवाल्याने दाखवलेल्या वाटेने एकदाचे हायवेला लागलो.

“हा मघाचाच ढाबा न्हाय का?” वैशालीने विचारलं.

“असे ढाबे सगळीकडे असतात.”

“आणि तोच लंगडा कुत्रा?”

कुत्रा तोच होता. नाका अजून पुढेच होता! मी मुकाट्याने रांगेत लागलो. पैसे कापले गेले, दांडा वर झाला, आणि शेजारच्या रांगेतून एका ट्रकने असा भोंगा वाजवला की माझा पाय ब्रेकवर गेला. खिडकीतून मी दंड केलेला तोच ड्रायव्हर डोकावत होता.

“मिल गये! साहेब मिल गये!” तो फोनवर ओरडला. मग खाली वाकून मला म्हणाला, “काय साहेब, लाइन सोडून? सासुरवाडीला का?”

“मेव्हणीकडे,” वैशाली म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली.

मी गाडी कडेला घेऊन फोन चालू केला, तोच तो वाजला. पलीकडे बाबा.

“कापले?” त्यांनी विचारलं.

“कापले, बाबा.”

“बरं झालं.” त्यांचा आवाज ओला होता. “तू पोचल्यावर जेवीन. सलीम, पाणी दे रे जरा.”

इतका वेळ त्यांच्या घशाखाली पाणीही उतरलं नव्हतं. मी मिसळीचे पैसे वाचवत होतो, आणि माझा बाप उपाशी उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वैशालीचं हसूही थांबलं. पुढचे सगळे नाके मी देवळात शिरावं तसे पार केले.

त्या दिवसापासून मी एकही टोल चुकवलेला नाही. उलट जिथे टोल नाही, तिथे अडचण होते. परवा वैशालीच्या माहेरी, अंबाडीला, निघालो होतो.

“त्या वाटेला आता टोल न्हाय,” बाबा म्हणाले. “मंग मला कळणार कसं?”

म्हणून पोचल्यावर मीच मेसेज टाकला: “पोचलो.” सलीमभाईने तो वाचला. बाबांना पटला नाही. “पैसे कापल्याचं लिवलंच न्हाय. मंग खरं कशावरून?”

तेव्हा मी दुसरा पाठवला: “अंबाडी. पन्नास रुपये कापले.” बाबा समाधानाने जेवले. संध्याकाळी घरी आलो, तर दारातच हात पुढे करून उभे!

“गाडी माझ्या नावावर, टॅग माझा. पन्नास रुपये काढ.”

खारबाव ते अंबाडी टोल नाही, असं सगळा तालुका समजतो. मी मात्र दर खेपेला भरतो, तोही रोख!