रिमच्या कडेतून जाणारी हवा

माझं पोस्टिंग तेव्हा सीमेवरच्या एका डोंगरी ठाण्यावर होतं. मी हवालदार, ड्रायव्हर. गाव घोटी. माझा को-ड्रायव्हर लान्स नाईक विलास साळवे, एकलहऱ्याचा. दोघं एकाच जिल्ह्याचे, त्यामुळे तो मला दादा म्हणायचा.

आमच्या जिप्सीचं मागचं डावं चाक रोज बसायचं. विलासने साबणाचं पाणी ओतून पाहिलं. वाल्व ठीक, टायरमध्ये खिळा नाही. बुडबुडे येत होते रिमच्या कडेतून. दगडावर आपटून रिम वाकली होती. नवीन रिम मागवली, पण दरड कोसळून रस्ता बंद होता. स्टेपनी दुसऱ्या गाडीला लागली होती. मग विलास रोज सकाळी फूटपंपाने हवा भरायचा. ती दुपारपर्यंत टिकायची.

एके दिवशी दुपारीच पुढच्या चौकीवर शेलिंग सुरू झालं. दोन जवान जखमी झाले. खाली नेण्यासाठी गाडी एकच उरली होती, आमची. विलासने हवा भरली आणि आम्ही जखमींना घेऊन निघालो.

अर्ध्या वाटेत चाक बसलं. तसंच पुढे नेलं असतं, तर वळणावर टायर रिममधून निघाला असता. मी गाडी थांबवली. रेडिओवर हुकूम आला.

"रस्त्यावर फायर आहे. गाडी सोडा, आडोसा घ्या. ओव्हर."

मागे एका जखमीचं रक्त थांबत नव्हतं. मी विलासकडे पाहिलं. तो पंप घेऊन उतरलाच होता.

"यांना टाकून मी नाय जाणार, दादा. रेडिओवर सांगून टाका."

मी सांगितलं, "जखमी हलवता येत नाहीत. हवा भरून निघतोय. ओव्हर."

एक गोळा रस्त्याच्या वर, कड्यावर फुटला. विलास खाली बसला, पुन्हा उठला आणि पंप मारत राहिला. मग गाडीत येऊन म्हणाला, "भरली. चला."

गोळ्याचा स्प्लिंटर त्याच्या बरगडीखाली लागल्याचं मला खालच्या वळणावर कळलं. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा दोन्ही जखमी जिवंत होते. विलास नव्हता.

एका टायरपायी गेला, असं लोक बोलतात. मी त्यांना तिथेच गप्प करतो. तो शत्रूच्या गोळ्याने गेला. टायरमध्ये त्याने हवा ठेवली, म्हणून दोन घरं उभी आहेत.

मी रिटायर होऊन घोटीला आलो. शेवटच्या सुट्टीत विलासने एक जुनी कार घेतली होती. ती त्याच्या दारात उभी असायची आणि एक चाक सारखं बसायचं. विलासच्या बायकोला, वंदनावहिनींना, दीर म्हणाला, विकून टाक, बाईमाणसाला काय करायची गाडी. वहिनींनी मला फोन केला.

"भाऊ, गाडी विकायची नाय. हवा कुठून जाते ते कसं शोधायचं, तेवढं दाखवा."

मी गेलो. त्यांनी स्वतः साबणाचं पाणी केलं. वाल्व पाहिला, रिमची कड पाहिली. बुडबुडे आले टायरच्या खाचेत, तिथे रुतलेल्या एका बारीक खिळ्यापाशी. मी सांगितलं, आत्ता उपटू नका, उपटला तर हवा भसकन जाईल. चाक दुकानात नेऊन पंक्चर काढून घेतलं. त्याच महिन्यात त्या गाडी शिकायला लागल्या. दीर महिनाभर बोलला नाही. वहिनींनी तेही चालवून घेतलं.

यंदा विलासच्या स्मृतिदिनाला गाडी त्याच घेऊन निघाल्या. शेजारी मी, मागे त्या दिवशी वाचलेला एक जवान. गावच्या स्मृतिस्तंभापाशी मंडळी जमली होती. कोणा पुढाऱ्याने भाषणाचा कागद काढला. वहिनी पुढे झाल्या.

"भाषण मागून करा. आधी नाव घेऊ द्या."

मग त्यांनी खणखणीत आवाजात नाव घेतलं. "लान्स नाईक विलास रामदास साळवे."

आम्ही दोघांनी सॅल्यूट केला.