गॅसच असेल

माझ्या छातीत पहिल्यांदा धडधड झाली ती सोसायटीच्या वार्षिक सभेत, कबुतरांना दाणे घालू द्यावेत की नाही यावर रण पेटलं होतं तेव्हा. माझा कबुतरांशी काही संबंध नाही. मी शेवटच्या रांगेत बसून समोसा कधी येतो याची वाट बघत होतो. अचानक आत कोणीतरी दार ठोठावायला लागलं. ठोके मोजायला गेलो तर मोजता येईनात. हात गार, तोंडाला कोरड. शेजारी कबुतरविरोधी गटाचे पुढारी बसले होते. त्यांना म्हटलं, "छातीत कसंतरी होतंय." त्यांनी व्यासपीठावरची नजर न काढता सांगितलं, "गॅस असेल. मतदान झाल्याशिवाय जाऊ नका."

आमच्या मुलुंडात छातीत काहीही झालं तरी पहिलं निदान हेच. ते करायला डॉक्टर लागत नाही. त्या आठवड्यात रिक्षावाल्याने, वॉचमनने, इस्त्रीवाल्याने आणि फोनवरून माझ्या सासऱ्यांनी ते एकमताने केलं. कोणी ओवा सुचवला, कोणी हिंग, कोणी डाव्या कुशीवर झोप म्हणालं. वज्रासन घाला असं मला एका गृहस्थांनी सांगितलं, त्यांना स्वतःला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात. बायकोने तर पंचनामाच केला. "काल वाल खाल्लेस, वरून दोन वाट्या सोलकढी प्यायलास. गॅस नाही तर काय होणार?"

आई तेवढी गॅस म्हणाली नाही. तिच्या हातातली तांदळाची परात तशीच राहिली. "डॉक्टराक दाखवून ये," एवढंच म्हणाली. मला वाटलं, घरात एकटीला तरी माझी किंमत आहे.

आता मी एवढा का घाबरलो ते सांगायला हवं. माझे बाबा हृदयविकाराने गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते, आणि मला एक्कावन्न पूर्ण झाली होती. गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसून त्यांना विक्रोळीच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. मी तेव्हा बाविशीतला, नाशिकला ॲप्रेंटिस. तार आली, मी पोचलो, आणि तेव्हापासून बाराव्यापर्यंत घरी आलेल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली. "चालता-बोलता गेले हो. सकाळी चहा प्यायले, चपला घातल्या आणि गेले. काही त्रास नाही, काही नाही. पुण्यवान माणूस." लोक हे धीर द्यायला सांगत होते. मी त्यातून एवढंच घेतलं की मरणाला लक्षणं लागत नाहीत. माणूस ठणठणीत असतो, चपला घालतो, आणि संपतो. तेव्हापासून चपला घालताना मी भिंतीला हात धरतो.

त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आले याचं मला काय कौतुक असणार? बाबांचे रिपोर्ट काढले असते तर तेही नॉर्मलच आले असते, असा माझा हिशेब. ईसीजी झाला, इको झाली, पट्ट्यावर पळवून झालं, चोवीस तास छातीला वायरी लावून फिरून झालं. घाटकोपरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "हार्ट उत्तम आहे. घाबरतंय ते हार्ट नाही, तुम्ही घाबरताय." ही ॲन्झायटी आहे, श्वासाचे व्यायाम करा आणि एका समुपदेशक बाईंकडे जा, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

मला फार राग आला. राग यायला कारण होतं. मी लिफ्टच्या कंपनीत आहे, अंधेरीच्या ऑफिसात तक्रारींचं टेबल माझ्याकडे. तेवीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय. "मॅडम, माणूस येऊन बघून गेला, लिफ्ट एकदम नॉर्मल आहे, आवाज तुम्हाला वाटतोय." आणि फोन ठेवल्यावर आम्ही टेबलाभोवती काय बोलतो ते मला माहीत आहे. तेव्हा डॉक्टर दार लावून काय बोलले असतील याचाही मला अंदाज होता.

मग मी तेच केलं जे आमचे चिवट ग्राहक करतात. पुन्हा तक्रार. दुसरी लॅब, तिसरी लॅब. एका महिन्यात पाच ईसीजी. पाचव्यांदा पडदा सरकवून आत गेलो तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "या. शर्ट काढा. सवय आहेच तुम्हाला." मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ आलं. ते दर दहा मिनिटांनी आकडा दाखवायचं, आकडा बघून माझे ठोके वाढायचे, आणि वाढलेला आकडा ते लगेच दाखवायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, मी तो हप्त्यावर विकत घेतला होता.

या सगळ्यात आईचं गावी जाणं राहिलं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षं ती म्हणत होती, एकदा घर बघून येऊ, देवळात जाऊन येऊ, मग माका खंय न्या नको. आधी माझी रजा आडवी आली, नंतर माझी छाती. गावाहून सर्वांत जवळचं ईसीजी मशीन तालुक्याला, घाटाच्या रस्त्याने पाऊण तास. मी तिला ते अंतर समजावून सांगितलं. ती "बरा" म्हणाली. तिने भरून ठेवलेली पिशवी कपाटाखाली तशीच होती, मधूनमधून ती त्यातली साडी काढून पुन्हा घडी घालायची. मला ते दिसत होतं आणि मी घड्याळात ठोके बघत होतो. लाज वाटते, पण तसंच होतं.

मग एका रविवारी सकाळी तिने गावच्या गुरवाला फोन लावून देवाला कौल लावायचं ठरवलं. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या गावच्या देवाचा नियम कडक, एक प्रश्न एकदाच. हवं ते उत्तर मिळेपर्यंत पुन्हापुन्हा विचारायचं नाही. आता हे सगळं व्हिडिओ कॉलवर होतं. गुरवाने मोबाइल समईला टेकवून ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुझी ही लेक आज मुंबैक बसून तुका हाक मारता हा. तिना मनात एक गोष्ट धरल्यान हा. ती करूची तर उजवो दी, नको तर डावो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई हात जोडून म्हणाली.

मी मागे दारात उभा. मी असल्या गोष्टी मानत नाही. पाच ईसीजी काढलेला सुशिक्षित माणूस आहे मी. पण आईच्या मनातली गोष्ट माझं हृदयच असणार, दुसरं काय? पाकळी काही पडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घड्याळाने एकशे अठरा दाखवले. आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर गुरव हात वर केलेल्या अवस्थेत गोठला. नेटवर्क गेलं.

"आये, फोन लाव ना परत!" मी ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघून परत आत गेली.

पुन्हा फोन लागला. गुरव आनंदाने सांगत होता, "देवान उजवो दिलान गे काकी! उजवो!"

मी भिंतीला टेकलो. सुटलो! घाटकोपरच्या डॉक्टरांनी चार वेळा सांगून जे झालं नव्हतं ते एका पाकळीने केलं होतं. आईला मिठी मारायला वाकलो तर तिचा चेहरा उतरलेला. फोन बंद करून तिने मला समोर बसवलं.

"तुका एक सांगूचा आसा," ती म्हणाली. "तुझो बापूस चालता-बोलता नाय गेलो. आठ दीस तेच्या छातीत दुखत होता."

"मियाच म्हटलंय, गॅस असतलो. ववो दिलंय. सोडो पाजलंय. तो म्हणालो, नवीन नोकरी, खाडो नको. आठव्या दिसाक चपला घातल्यान… तू माका इचारलं असतस, आये, डॉक्टराक कित्याक नाय दाखवलंस? म्हणान सांगूक नाय. तेव्हा कौल लावलंय, सांगू काय म्हणान. देवान डावो दिलान."

आणि आज तिने तोच प्रश्न पुन्हा लावला होता. जुना गुरव वारला, त्याच्या मुलाला काय ठाऊक. माझा चेहरा बघवेना म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने देवाचा नियम मोडला होता.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. एकोणतीस वर्षं मी भिंतीला हात धरून चपला घालत होतो! तिला तसं बोललोही, थोडं चढ्या आवाजात. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग हळूहळू डोक्यात शिरलं की बाबांना आठ दिवस इशारा मिळत होता. मरण न सांगता आलंच नव्हतं. आणि मग हेही शिरलं की अख्खं मुलुंड मला गॅस गॅस म्हणत असताना ही एकटी तो शब्द का उच्चारत नव्हती. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "दुखलं, दम लागला, घाम फुटला, तर लगेच या. नुसतं धडधडलं तर बसून श्वास घ्या. सहावा ईसीजी मी काढणार नाही." समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. त्या बऱ्या आहेत, गॅस म्हणत नाहीत.

महिन्याभराने आईला गावी घेऊन गेलो. घड्याळ मुलुंडलाच ठेवलं. ठेवलं म्हणजे बायकोने काढून घेतलं. देवळात आईने देवापुढे नाक घासलं, बहुधा नियमाबद्दल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसलो होतो आणि छातीत तेच सुरू झालं. दार ठोठावणं. दुखत नव्हतं, घाम नव्हता. श्वास मोजत बसलो, पण हात आपोआप छातीवर गेला. समोर नारळ सोलायला बसलेल्या आईने ते पाहिलं. तिच्या हातातला कोयता थांबला.

"आये," मी म्हटलं, "गॅसच असतलो गो."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही ते ठरवत असावी.

"ववो देव?" तिने विचारलं.

"दी."

ती आत गेली. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. मग बाहेर येऊन तिने माझ्या तळहातावर चिमूटभर ओवा ठेवला आणि मी तो चावून गिळेपर्यंत समोर उभी राहिली.