वाकोल्याचा सुरीवाला

पंच्याऐंशीच्या सुमारास वाकोल्यात एक सुरीवाला बसायचा. त्याची सुरी नुसती दाखवली तरी पापलेटाचे आपणहून दोन तुकडे व्हायचे! "धारेची सुरी आणा, मगच घरात मासे," असं बायकोने बजावल्यामुळे मी त्याला शरण गेलो.

"चकचकीत स्टील नको, साहेब. जुन्या करवतीच्या पोलादाचं पातं घ्या. गंजेल, पण धार सोडणार नाही. मूठ शिसवीची," म्हणत त्याने मापासाठी ओल्या मातीचा गोळा माझ्या मुठीत दाबला.

"अरे, माप बायकोचं घे!"

"मग वहिनींना पाठवा."

ती जाऊन आली. रविवारी सुरी हातात घेतली, तर मूठ माझ्याच पंजात फिट्ट!

"वाट लावलीस ना!"

"वहिनीच बोलल्या," तो मिशीत हसला, "साहेबांचंच माप ठेवा, मासे तेच कापणार."

त्या दिवशी मी इतके बांगडे कापले की वाकोल्यातली मांजरं दुपारी ढेकर देत होती.